घर, धंदा आणि झोप: स्वतःचा धंदा करणाऱ्या बायकांनो, या चुका टाळा

रात्री दीड वाजता मी शंभर डायऱ्यांच्या कव्हरची फाइल प्रिंटला सोडली, कस्टमरच्या कंपनीच्या नावात पहिली वेलांटी पाहिजे तिथे दुसरी. स्क्रीनवर तीनदा वाचलं होतं हो. सकाळी पहिली डायरी हातात घेतली आणि एका सेकंदात दिसलं.

तेव्हा स्वतःलाच धांदरट म्हणून मोकळी झाले, पण नंतर मोजलं तर आदल्या पहाटे साडेपाचला उठलेली मी तोपर्यंत वीस तास जागी होते. १९९७ मधला एक प्रसिद्ध प्रयोग आहे, त्यात असं दिसलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम साधारण तेवढंच ढेपाळतं जेवढं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना ढेपाळतं, आणि बऱ्याच देशांत त्या पातळीला गाडी चालवायला बंदी आहे. आणि आपण त्या अवस्थेत फायनल फाइल पाठवतो, कोटेशन देतो, वर पोरांवर खेकसतो.

डायरी बाइंडिंगचा हा उद्योग मी बरीच वर्षं करतीये, मैत्रिणींमधे कुणी क्लास घेतं, कुणी शिवण, कुणी अकाउंट्स, आणि तक्रार सगळ्यांची एकच, वेळ पुरत नाही. ते खरंच आहे, पण मला विचाराल तर अर्धी भानगड वेळेची नाहीच, घर आणि धंदा दोन्हीचं सगळं एकाच डोक्यात कोंबून ठेवल्याची आहे. खालच्या जवळपास सगळ्या चुका मी स्वतः करून झाल्यात, काही अजून करते.

"राहिलेलं रात्री बसून करते"

दिवसा काही अडलं की आपण हात घालतो तो झोपेत, कारण झोप मागायला येत नाही. मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते असं झोपेवर काम करणारे डॉक्टर सांगतात, आणि "मला पाच तास पुरतात" म्हणणाऱ्या बहुतेकींना ते पुरत नसतात, सवय झालेली असते एवढंच. कॉफी घेऊन ढकलायचं म्हणाल तर कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातला घेतलेलीतलं अर्धं रात्री बारालाही अंगात असतं.

मी नियम एवढाच केला की रात्री दहानंतर चुकलं तर परत करता येईल असंच काम. लेबलं चिकटवणं, कागद मोजून ठेवणं. पैसे, तारखा, स्पेलिंग आणि भांडण, हे सगळं सकाळी.

"तू घरीच असतेस ना"

हे वाक्य लोक बोलतात तेव्हा राग येतो, पण आधी आपणच ते बोललेलो असतो हे लक्षात घ्या. फोनवर कुणी विचारलं काय करतेस तर मी सवयीने म्हणायचे, "काही नाही, घरीच आहे." मग नळवाला माझ्या वेळेत, पार्सल माझ्या वेळेत, शाळेतून फोन आला तर तोही मलाच. नवऱ्याची मीटिंग हलत नाही, माझी ऑर्डर हलते, असं सगळ्यांनी धरून टाकलं, मीसुद्धा. आता मी "कामावर आहे" म्हणते, दार लोटून घेते आणि दारावर खडूने वेळ लिहिते. पहिले पंधरा दिवस घरात हसले सगळे. नंतर मुलगी स्वतःच बाहेरून कुणालातरी सांगत होती, आई एकपर्यंत कामावर आहे.

आणि हे एकटीच्या घरातलं गाऱ्हाणं नाहीये हां. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालात जगभरातल्या बिनपगारी घरकामाचा आणि सांभाळण्याचा हिशोब आहे, बायकांचे दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं, पुरुषांचे १ तास २३ मिनिटं. त्यामुळे कुणी म्हणालं की तुझं टाइम मॅनेजमेंट कच्चं आहे तर ते तीन तास आधी मागून घ्या, मग बोलू मॅनेजमेंटवर.

मदत मागणं, काम सोपवणं नाही

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून जरा रेंगाळते. माझा नवरा कधीच नाही म्हणत नाही. "अगं सांग ना काय करू" असं म्हणतो आणि सांगितलं की करतो. ऐकायला छान वाटतं, पण आठवायचं मी, सांगायचं मी, झालं का विचारायचं मी, विसरलं तर ऐकून घ्यायचं पण मीच. हाताचं काम त्याचं झालं, डोक्याचं माझ्याकडेच राहिलं, आणि थकवतं ते डोक्याचंच.

मग एका रविवारी बसून आम्ही कामं न वाटता खाती वाटली. मुलीची शाळा हे अख्खं खातं त्याचं: शाळेचा ग्रुप त्याच्या फोनवर, फॉर्म भरणं, सहलीची तारीख, वह्या संपल्यात का ते बघणं, सगळं. माझा फोन मी त्या ग्रुपमधून काढला. हे करताना जीव कासावीस होतो हे आधीच सांगून ठेवते. पहिल्याच महिन्यात एक तारीख हुकली, शाळेतून चिठ्ठी आली, आणि माझ्या तोंडात "मी म्हटलं होतं ना" अगदी ओठांपर्यंत आलेलं. ते गिळलं. ते बोलले असते तर खातं त्याच संध्याकाळी माझ्याकडे परत आलं असतं. तसंच त्याने घातलेल्या घड्या उलगडून परत घालू नका, वाकड्या तर वाकड्या, कपाटात कोण बघतंय.

गंमत म्हणजे हाच रोग धंद्यातही होता. मदतीला एक मुलगी येते, कामाला चोख, पण दर दहा मिनिटांनी "ताई, याला कुठली टेप?", "ताई, या बॉक्समधे बिल टाकायचं का?" मी वैतागायचे, आणि मुळात तिला कधी काही लिहून दिलेलंच नव्हतं. एका दुपारी दोन तास खर्च करून पॅकिंगच्या प्रत्येक पायरीचा फोटो काढला, खाली एकेक ओळ लिहिली आणि भिंतीला लावलं. किती रकमेपर्यंतचं नुकसान असेल तर मला न विचारता बदलून द्यायचं, तेही लिहिलं. प्रश्न बंद नाही झाले, दिवसाला दोन-तीनवर आले.

रात्री अकराला रिप्लाय

तुम्ही अकराला उत्तर दिलं की कस्टमरला कळतं ही अकराला जागी असते, आणि पुढचा मेसेज पावणेबाराला येतो. चूक त्याची नाही, शिकवलं आपण. व्हॉट्सॲप बिझनेसमधे कामाची वेळ टाकता येते आणि अवे मेसेज, म्हणजे वेळेबाहेर आपोआप जाणारं उत्तर, लावता येतो, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम. घरचा आणि धंद्याचा नंबर वेगळा केलात तर उत्तमच. माझं एकही गिऱ्हाईक सकाळी नऊला उत्तर मिळालं म्हणून तुटलेलं नाही, उलट दीडच्या वेलांटीने एक तुटता तुटता वाचलं.

तारीख मनाने देणं

"चार दिवसात देते" हे आपण सगळं सुरळीत गेलं तर या हिशोबाने बोलतो, आणि सुरळीत कधी जातं? कानेमान आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मधे यावर लिहिलंय, माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कायम कमी धरतो, आधीचा अनुभव डोळ्यासमोर असला तरी. मी तीन महिने वहीत दोन रकाने केले, वाटलेला वेळ आणि लागलेला वेळ. माझं उत्तर आलं दीडपट. आता चार दिवस वाटले की सहा सांगते, आणि आठवड्यातला अर्धा दिवस मुद्दाम मोकळा ठेवते, कारण पोर आजारी पडायचं ते डिलिव्हरीच्याच दिवशी.

याचीच सख्खी बहीण म्हणजे दर ठरवताना स्वतःचे तास न धरणं. त्याच शंभर डायऱ्या घ्या. मी एका डायरीला ७ मिनिटं धरली होती, बाइंडिंगची, म्हणजे ११ तास ४० मिनिटं. कापणं, गोंद वाळायची वाट बघणं, पॅकिंग, "अजून एक छोटासा चेंज" वाले मेसेज धरून प्रत्यक्षात पडली १२ मिनिटं, म्हणजे २० तास. वरचे ८ तास २० मिनिटं मी फुकट दिले आणि ते माझ्या झोपेतून गेले. तुमची विश्रांती कुठे जाते शोधायचं असेल तर आधी रेट कार्ड उघडा, खरंच.

शरीर इथे, डोकं तिथे

मुलगी काहीतरी सांगत होती, मी फोन बघत "हं, हं" करत होते. ती थांबली आणि म्हणाली, "आई, मी आत्ता म्हटलं की माझ्या दप्तरात डायनासोर आहे आणि तू हं म्हणालीस." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा एक तुकडा मागेच अडकून राहतो, यावर सोफी लेरॉय यांचं २००९ चं संशोधन आहे. म्हणून काम "थांबवणं" पुरत नाही, बंद करावं लागतं. मी शेवटची पाच मिनिटं उद्या काय काय करायचं ते कागदावर लिहिते, जितकं बारीक तितकं चांगलं. २०१८ च्या एका छोट्या प्रयोगात, ५७ जणांच्या, झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली होती. नऊ मिनिटं म्हणजे फार नाहीत, पण फुकट आहेत.

आणि बेडवर पडून तासभर रील बघणं म्हणजे आराम नाही, हे मी रील बघतच लिहितीये म्हणा.

पहाटे चारला उठून डायरी लिहा, ध्यान करा, पळा वगैरे दिनक्रम ज्यांच्या घरात दुसरं कुणीतरी सगळं बघतं त्यांच्यासाठी असतात. नक्कल करू नका.

एक मात्र गंभीरपणे. प्रत्येक थकव्याला "कामाचं टेन्शन" म्हणून सोडून देऊ नका. झोप होऊनही जिने चढताना दम लागतोय, केस गळतायत, थंडी वाजतीये तर रक्त तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने तो ॲनिमिया, आणि थायरॉइडचा त्रास बायकांमधे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असतो. चाळिशीच्या आसपास झोप बिघडली तर पाळीच्या बदलांबद्दलही डॉक्टरांशी बोला. बर्नआउट वेगळं, त्यात गळून जाण्यासोबत कामाचा तिटकारा येतो आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटायला लागतं, २०१९ मधे संघटनेने त्याला न सांभाळल्या गेलेल्या कामाच्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदवलंय, आजार म्हणून नाही. दोन्हीचे उपाय वेगळे, आणि अंदाजाने सुट्टी घेऊन गोळीचं काम होत नाही.

आपलं डोकं किती ठिकाणी अडकलंय हे बघायचा सोपा उपाय सांगते. अर्धा दिवस फोन बंद करून बाहेर जा, तुमच्यावाचून काय काय अडलं ते आल्यावर विचारा, आणि जे अडलं ते लिहून कुणाला तरी सोपवा. मी गेल्या महिन्यात केलं. धंद्यात दोन गोष्टी अडल्या, कुरियरचा पासवर्ड आणि एका कस्टमरचं ॲडव्हान्स आलं का नाही ते. घरात एकच, मोठी कात्री कुठे असते ते कुणालाच माहीत नव्हतं. ती आता दारामागच्या खिळ्याला टांगलीये.