फॉक्सप्रोची ईएक्सई गिऱ्हाइकाला देताना या चुका टाळा

व्हिज्युअल फॉक्सप्रो ९, म्हणजे डेटाबेसची सॉफ्टवेअर लिहायचं साधन, आलं २००४ च्या अखेरीस, आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये बंद केला. तरी दूध संस्था, पतसंस्था, आडत दुकानं यांच्या काउंटरवर त्यातलीच सॉफ्टवेअर अजून चालतात, आणि मला फोन येतोच, "दादा, माझ्याकडे चालतंय, पार्टीकडे चालत नाही." अरे, तुझ्याकडे चालणारच! तुझ्या मशीनवर अख्खं फॉक्सप्रो बसलंय. मी एक जुना लॅपटॉप मुद्दाम कोरा ठेवलाय, त्यावर फॉक्सप्रो कधीच घातलेलं नाही. सेटअप आधी त्यावर चालवायचा, मगच मोटरसायकलला किक मारायची.

रनटाइम, म्हणजे ईएक्सई चालायला लागणाऱ्या फॉक्सप्रोच्या फाइली, अर्धवट देणं. नुसती ईएक्सई (तयार प्रोग्रॅमची फाइल) पेनड्राइव्हवर टाकून नेणारे अजून भेटतात. व्हीएफपी९आर, व्हीएफपी९आरईएनयू आणि एमएसव्हीसीआर७१ या तीन डीएलएल ईएक्सईच्या शेजारीच ठेवा. दुसरी राहिली तर "कुड नॉट लोड रिसोर्सेस" म्हणून प्रोग्रॅम दारातूनच परत जातो. सर्व्हिस पॅक २ वर बिल्ड केलं, म्हणजे ईएक्सई तयार केली असेल तर रनटाइमही त्याचाच हवा.

डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवणं. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका दूध संस्थेत माझं संकलनाचं सॉफ्टवेअर एक्सपीवर काही वर्षं निमूट चाललं. मग संस्थेने विंडोज ७ चा नवा पीसी घेतला. माझ्या सेटअपने सवयीप्रमाणे सगळं प्रोग्रॅम फाइल्समध्ये ओतलं, टेबलांसकट. कुणीतरी हौसेने सकाळच्या आणि संध्याकाळच्या ऑपरेटरला वेगवेगळी विंडोज लॉगिन करून दिली. दहा दिवसांनी बिलं निघाली, तर प्रत्येक उत्पादकाचं दूध निम्मं. सकाळच्या लॉगिनमध्ये संध्याकाळचा एक लिटर नाही, संध्याकाळच्यात सकाळचा नाही. सचिवांनी थेट पोरांवर संशय घेतला. मी गेलो आणि शहाणपणा करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर"ने प्रोग्रॅम उघडला. आता सकाळही नाही नि संध्याकाळही नाही, इन्स्टॉल केल्या दिवशीचं कोरं रजिस्टर समोर! घाम फुटला.

झालं होतं असं की, व्हिस्टापासून विंडोज साध्या प्रोग्रॅमला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू देत नाही. पण जुना प्रोग्रॅम अडू नये म्हणून तोंडावर नाहीही म्हणत नाही. गुपचूप त्या फाइलची एक प्रत त्या यूजरच्या ॲपडेटामधल्या लोकल फोल्डरात, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या कोपऱ्यात करतं आणि लिहिणं तिकडे वळवतं. दोन यूजर, दोन प्रती. ॲडमिन म्हणून चालवलं की वळवणं बंद, म्हणून मूळ कोऱ्या फाइली दिसल्या. ॲपडेटा फोल्डर लपवलेला असतो, त्यामुळे शोधायलाच दुपार गेली. पुढे दोन्ही डेटा जोडताना कळलं की दोघांनीही नवीन उत्पादकाला २१४ हाच कोड दिलाय, माणसं वेगळी. पावत्यांची पुस्तकं घेऊन बसलो, पहाटे कॅन यायला लागले तेव्हा उठलो.

तेव्हापासून डेटा सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरात, आणि त्याचा पत्ता ईएक्सईजवळच्या आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये. "त्यापेक्षा यूएसी (विंडोजचा हा परवानगीचा पहारा) बंद करून टाका ना" असा सल्ला देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांची कामं घेत नाही.

टेबलं ईएक्सईच्या पोटात घालणं. "एकच फाइल दिली की सुटसुटीत" हा नवशिक्यांचा लाडका हट्ट. पोटात गेलेलं टेबल फक्त वाचता येतं, त्यात एक ओळ भरता येत नाही. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये टेबलाच्या नावाआधी काट मारलेलं वर्तुळ दिसलंच पाहिजे. आणि बाहेर देताना डीबीएफ या टेबलाच्या फाइलीबरोबर सीडीएक्स (इंडेक्स) आणि एफपीटी (मेमो) फाइलीही द्या.

अपडेटच्या सेटअपने चालू डेटा पुसणं. इनो सेटअप या सेटअप बनवायच्या साधनात डेटा फाइलींना "ओन्लीइफडझन्टएक्झिस्ट" आणि "अनइन्सनेव्हरअनइन्स्टॉल" हे दोन फ्लॅग लावा. मी तर अपडेटच्या सेटअपमध्ये टेबलं घालतच नाही. नवीन फील्ड हवं असेल तर प्रोग्रॅम सुरू होताना तपासून कोडनेच वाढवतो.

रिपोर्टमध्ये आपला प्रिंटर चिकटवून पाठवणं. आवृत्ती ६ पासून ओढत आणलेल्या रिपोर्टांत हे हमखास सापडतं. रिपोर्टची एफआरएक्स फाइल म्हणजे साधं टेबलच, आणि तिच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये डिझाइन करताना निवडलेल्या प्रिंटरची माहिती बसलेली असते. मग गिऱ्हाइकाकडे बिल भलत्याच मापात निघतं आणि तो प्रिंटरवाल्याला शिव्या देतो. मी बिल्डच्या आधी प्रत्येक एफआरएक्स "यूज" कमांडने उघडतो, पहिल्या रेकॉर्डची टॅग आणि टॅग२ ही फील्डं कोरी करतो, एक्सपीआर या फील्डमधल्या डिव्हाइस, ड्रायव्हर, आउटपुटच्या ओळी उडवतो. ओरिएंटेशनची ओळ मात्र राहू द्यायची, नाहीतर आडवं लेजर उभं छापलं जातं. यासाठी दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून ठेवलाय. तुम्हीही लिहा, माझा मागू नका.

बिल्ड करताना "इग्नोर ऑल" दाबणं. "फाइल सापडत नाही" असं फॉक्सप्रो प्रेमाने सांगतं, आणि घाईत असलेला माणूस इग्नोर दाबतो. तोच फॉर्म पुढे मार्च अखेरीला अडतो. फॉर्मचं नाव व्हेरिएबलमध्ये ठेवून उघडत असाल तर बिल्ड इतकंही सांगत नाही. ते फॉर्म प्रोजेक्टमध्ये हाताने घाला, आणि "रीकंपाइल ऑल फाइल्स"वर टिक ठेवा.

ईएक्सई उघडते आणि लगेच मिटते. मुख्य प्रोग्रॅममध्ये प्रोग्रॅम चालू धरून ठेवणारी "रीड इव्हेंट्स" ही ओळ विसरलात. पुढे.

मराठी फॉन्ट सोबत न देणं. फॉक्सप्रोला युनिकोड कळत नाही, म्हणून मराठी बिलं अजून डीव्ही-टीटी सुरेखसारख्या जुन्या फॉन्टवरच चालतात. तो फॉन्ट मशीनवर नसला की "पाटील"च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा छापला जातो. सेटअपमध्ये घालण्याआधी तो वाटायची परवानगी आहे का ते बघा. नसेल तर फॉन्टची किंमत कोटेशनमध्येच धरा, मागाहून कुणी देत नाही.