रूट कॅनल झालं, मंग दात टिकवायचा कसा?

नस काढली की ठणका थांबते अन् आपल्याला वाटते झालं काम. मीबी तेच केलं. वरचा समोरचा दात, तालुक्याला रूट कॅनल केलं, डॉक्टर म्हणे १५ दिवसांनी कॅपसाठी ये, पण इकडे सोयाबीन सोंगायला आलेलं, मंग काय, गेलो थेट दोन महिन्यांनी. दातात भरलेला टेम्पररी मसाला, म्हणजे तात्पुरतं सिमेंट, कधीचाच पडून गेलता अन् फुटाणे खाताना अर्धा दात हातात आला.

तेव्हा फायबर पोस्ट टाकायची ठरली. ही म्हणजे काचेच्या धाग्यांची बारीक काडी, मुळात चिकटवतात अन् तिच्यावर मसाल्यानं दात उभा करतात. काडीनं दात मजबूत होते असं सगळ्यांना वाटते, तसं नाही बाप्पा! ती वरचा मसाला धरते बस, ताकद उरलेल्या दाताचीच. काडीसाठी आतून जास्त कोरलं तर मूळ उलट पातळ होते.

म्हणून पहिले विचारा, हिरडीच्या वर दात किती उरला? चारीबाजूनं १.५ ते २ मिलिमीटर तरी पाहिजे. बंडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, लाकूड आवळून ठेवते, तशी कॅप त्या उरलेल्या दाताला आवळते. नुसत्या मसाल्यावर बसवलेली कॅप काय आवळणार?

दाढेला बरेचदा पोस्ट लागतच नाही, आतल्या पोकळीतच मसाला धरते. तिला पूर्ण कॅप पाहिजे, नाहीतर चावता चावता उभी चिरते.

धातूची पोस्ट स्वस्त पडत असंल, पण स्टील दातापेक्षा जवळपास १० पट ताठ, ते वाकत नाही अन् जोर मुळावर येते. मूळ उभं फुटलं की दात काढाच. फायबरची काडी बहुतेक वेळा आधी स्वतःच सुटते नाहीतर तुटते, मूळ वाचलं तर दुसरी टाकता येते.

काडी बसवताना थुंकी लागली की ती नीट चिकटत नाही, म्हणून थुंकी अडवायला दाताभोवती रबराची शीट लावता का, हे बिनधास्त विचारा. काडी टाकल्यावर एक्स-रेत मुळाच्या टोकाशी रूट कॅनलचा मसाला ४-५ मिलिमीटर शिल्लक दिसला पाहिजे.

अन् कॅप हलल्यासारखी वाटली तर वेचणी असो का सोंगणी, दुसऱ्याच दिवशी जा. नुसती सुटली असंल तर परत बसते, आत थुंकी झिरपत राहिली तर खालून कीड लागते अन् नस नसल्यामुळं दुखतबी नाही.