ज्याचं नाव कार्यवाहीत नसतं, त्याची शोकसभा

विधिमंडळ सचिवालयात मी मराठी प्रतिवेदक होते. सभागृहात बोललं जाईल ते शब्दशः टिपायचं, वर येऊन आपल्या पाळीचा मजकूर तयार करून द्यायचा आणि पुढची पाळी आली की पुन्हा खाली धावायचं. निवृत्तीनंतर सहकाऱ्यांच्या तीन शोकसभांची तयारी माझ्याकडे आली. तिसरी आमच्या अण्णांची. लिपिक म्हणून लागले आणि समिती शाखेतून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. आधीच्या दोन सभांत जे राहून गेलं ते या वेळी करता आलं. तुमच्यावर अशी जबाबदारी आली तर उपयोग होईल म्हणून लिहिते.

आजी-माजी सदस्य गेले की सभागृहात शोकप्रस्ताव येतो. जन्म कुठला, मतदारसंघ कुठला, किती वेळा निवडून आले, कोणती खाती सांभाळली, हे सगळं जुळवून ठेवलेलं असतं. बहुतेक वेळा ते आमच्यासारख्यांनीच जुळवलेलं असतं. कर्मचाऱ्याबद्दल असा तयार कागद नसतो. तो आपल्यालाच करावा लागतो, आणि पहिले दोन-तीन दिवस त्यातच जाऊ द्यावेत.

सुरुवात घरापासून करा. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत कपाटात असेल तर वहिनींना किंवा मुलांना विचारून पाहून घ्या. रुजू झाल्याची तारीख, पदोन्नत्या, शाखाबदल सगळं एका जागी मिळतं. मग समित्यांचे अहवाल काढा. आमच्याकडच्या अहवालांत सुरुवातीला समिती सदस्यांची यादी असते आणि तिच्याखाली विधानमंडळ सचिवालय म्हणून अधिकाऱ्यांची नावं छापलेली असतात. सभागृहाच्या कार्यवाहीत, म्हणजे तिथल्या बोलण्याच्या छापील नोंदीत, ज्याचं नाव कधीच येत नाही, त्याचं नाव इथे सापडतं. अण्णांचं नाव असलेले अहवाल आम्ही ग्रंथालयातून शोधून काढले आणि सभेच्या दिवशी टेबलावर मांडले. हारापेक्षा लोक त्या अहवालांपाशी जास्त वेळ थांबले.

त्यानंतर माणसांशी बोला. “ते कसे होते?” असं विचारू नका. उत्तर एकच येतं: शांत होते, मनमिळाऊ होते. त्याऐवजी विचारा, कुठलं काम अडलं की सगळे त्यांच्याकडे जायचे? गणपूर्तीची घंटा वाजू लागली आणि २८८ च्या सभागृहात कामकाजाला लागणारे किमान २९ सदस्य भरेनात, तेव्हा ते काय करत असायचे? डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाला जाताना फायलींच्या पेट्या कोण भरायचं, आणि तिथल्या आमच्या मुक्कामाच्या १६० खोल्यांच्या गाळ्यात रात्री त्यांच्या खोलीत कोण यायचं? फार जुने कर्मचारी असतील तर ते आधी कुठल्या इमारतीत बसले तेही विचारा. नरिमन पॉइंटचं विधान भवन १९८१ चं. त्याआधी कामकाज रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये चालायचं. हा एक प्रश्न विचारला की वयस्कर माणसं आपोआप बोलू लागतात.

अण्णांबद्दल चार जणांनी एकच गोष्ट सांगितली. ते बरीच वर्षं आश्वासन समितीचं काम पाहत. मंत्री उत्तराच्या ओघात “तपासून घेऊ”, “चौकशी करू” म्हणून जातात. त्यातलं आश्वासन कुठलं, हे कार्यवाहीच्या ओळीओळीतून वेचायचं आणि खात्याने ते पाळलं का, याचा पाठपुरावा करायचा. अण्णा आमच्या शाखेत येऊन विचारायचे, “बाई, मंत्री ‘करू’ म्हणाले की ‘करता येईल का पाहू’ म्हणाले?” दोन्हींत केवढं अंतर आहे, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

असं एक काम सापडलं की श्रद्धांजलीचा मजकूर त्याच्याभोवतीच लिहा. माझ्या पहिल्या मसुद्यात होतं: “त्यांनी प्रदीर्घ काळ निष्ठेने सेवा केली.” हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून खोडलं. शेवटी वाचलं ते असं:

“सभागृहात दिलेला शब्द सभागृह विसरलं तरी अण्णांच्या वहीत असायचा. एखाद्या गावच्या पुलाचं आश्वासन असेल तर त्या गावाला अण्णांचं नाव कधी कळलं नाही. पण त्या पुलाची फाईल ते दर अधिवेशनाआधी काढून बघत.”

‘पडद्यामागचा कलाकार’, ‘मूक साक्षीदार’ हे शब्द मी वापरत नाही. आमचं काम मूक नव्हतं आणि आम्ही नुसते साक्षीदारही नव्हतो. राज्यघटनेच्या १८७ व्या अनुच्छेदाने विधिमंडळाला स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारी दिले. सरकारला जाब विचारणाऱ्या सभागृहाची माणसं सरकारच्या हाताखाली नसावीत, असा त्यामागचा अर्थ मी घेते. माणसाचा मान राखायचा तर त्याच्या कामाचा अर्थही दोन वाक्यांत सांगावा. त्याच्या नातवंडांना तो बहुधा माहीत नसतो.

आता सगळ्यात नाजूक भाग. इतकी वर्षं काढलेल्या माणसाने पुष्कळ पाहिलेलं, ऐकलेलं असतं. समितीच्या बैठकीत कोण कोणावर चिडलं, अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेले शब्द कोणते होते, कुठल्या नेत्याने रात्री उशिरा काय मागितलं. शोकसभेत कुणीतरी भावनेच्या भरात हे किस्से सांगू लागतं, लोकांनाही ते आवडतात. वक्त्यांना आदल्या दिवशी स्वतः फोन करा आणि स्पष्ट सांगा: ज्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर पोटात ठेवल्या, त्या त्यांच्या फोटोसमोर काढायच्या नाहीत. माझ्या मते याहून मोठा मान दुसरा नाही. पक्षाचंही तसंच. एका बाजूचे आमदार बोलणार असतील तर दुसऱ्या बाजूच्यांनाही आवर्जून बोलवा.

तारीख अधिवेशनात धरू नका, कुणालाच उठता येत नाही. फोटो मंत्र्यांसोबतचा नको, टेबलावर काम करतानाचा शोधा. पहिला शब्द शिपायाला किंवा त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सर्वांत लहान सहकाऱ्याला द्या. मोठी मंडळी आधी बोलली की धाकटे गप्प बसतात. पहिल्या सभेत आमचं नेमकं तेच झालं होतं आणि एक शिपाईदादा लिहून आणलेला कागद तसाच खिशात घेऊन परत गेले. कुटुंबाला पुढे बसवा, पण बोलण्याचा आग्रह करू नका.

अण्णांच्या सभेला आम्ही चार निवृत्त प्रतिवेदक वह्या घेऊन बसलो. पूर्वीसारख्या पाळ्या लावल्या आणि प्रत्येकाचं बोलणं शब्दशः टिपलं, शिपाईदादांचंसुद्धा. आमच्या रोजच्या मजकुरावर ‘असुधारित प्रत’ लिहिलेलं असे. ही प्रत आम्ही दोनदा ताडून, सुधारून, बांधून घेतली आणि वहिनींना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या पानावर अण्णांचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात होतं त्यावरून बोट फिरवलं आणि मुलाला म्हणाल्या, “तू वाच, मी ऐकते.”