गावाला पाण्यावर बोलतं करायचंय? आधी रांगोळी घ्या, प्रोजेक्टर नंतर बघू

पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी अडवायचं-जिरवायचं, काम करणारी पोरं गावात जातात, प्रोजेक्टर लावतात, भूजल पातळीचा ग्राफ दाखवतात, लोक ऐकून घेतात, चहा पितात आणि घरी जातात. लोकांना कळत नाही असं नाहीये, तो ग्राफ त्यांचा नसतो एवढंच. म्हणून माझं ठाम मत आहे, चित्र गावानेच काढायला हवं.

सुरुवात शिवारफेरीने करा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, ओढ्याओढ्याने, आणि सोबत दोन-तीन म्हातारी माणसं असलीच पाहिजेत. त्यांना विचारा, बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या विहिरीला पाणी होतं? मग बघा, खडी फोडायची कामं, तिथे खायला मिळणारी सुकडी, कोण कुठून पाणी आणायचं, सगळं आपोआप बाहेर येतं. मध्ये बोलू नका. आपल्याला हवी असलेली गोष्ट हीच आहे, बाहेरून आणलेली यशोगाथा नंतर.

परत आलं की देवळासमोर किंवा शाळेच्या मैदानात मोकळी जागा झाडून घ्या आणि रांगोळी, चुना, कोळसा, निळा रंग लोकांच्या हातात द्या, गावाचा नकाशा जमिनीवर त्यांनीच काढायचा. स्वतः एकही रेघ मारायची नाही, हे सगळ्यात अवघड असतं. आधी गावठाण, मग रस्ता, मग ओढा, मग विहिरी. कोणीतरी म्हणणारच की ओढा इथून वळत नाही, वाद होईल, होऊ द्या, त्या वादातच अतिक्रमण, बुजलेला नाला, बंद पडलेला हातपंप असं सगळं निघतं जे मीटिंगमध्ये कोणी बोललं नसतं. बायकांचा नकाशा वेगळा काढा, शक्यतो दुपारी त्यांच्या सोयीने. पुरुष बहुतेक वेळा शेतं, बोअर दाखवतात आणि बायका नळ, हंड्याची वाट, कपडे धुवायची जागा. दोन्ही शेजारी ठेवले की जास्त सांगायची गरजच पडत नाही. मग बाजूला बारा महिन्यांचे बारा चौकोन आखा आणि ज्या महिन्यात पाण्याचा त्रास जास्त तिथे चिंचोके जास्त ठेवायला सांगा.

आता आकडे. 1 हेक्टरवर 1 मिलीमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी, म्हणजे दहा हजारी टँकर भरून एक. 1,000 हेक्टरचं शिवार आणि 400 मिमी पाऊस धरला तर 4 लाख टँकर होतात! हे गावातल्याच शाळेतल्या पोरांकडून सगळ्यांसमोर गुणायला लावा. त्यातलं बरंच वाहून जातं, उडून जातं हे पण लगेच सांगा, नाहीतर तो हिशोब खोटा पडतो. उरलेल्यात पिण्याचं किती, जनावरांचं किती, पिकांना किती, हे मांडलं की पीक कुठलं घ्यायचं ही चर्चा लोक स्वतःच सुरू करतात. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, ऊस-केळी टाळली, शेतीसाठी बोअर बंद केले. पण ते गाव नुसतं फोटोत दाखवू नका, तुमच्याच तालुक्यातला, सारख्याच पावसाचा एखादा शेतकरी बोलवा, त्याला तासभर प्रश्न विचारू द्या. गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून उत्तरं त्यांच्याच तोंडून काढायचे, आणि त्याआधी हातात खराटा घेऊन गाव झाडलेलं असायचं, म्हणून लोक ऐकायचे. ती पद्धत आजही चालते.

ग्रामसेवक, कृषी सहायक, बँकवाले यांना मात्र नकाशा पूर्ण झाल्यावर बोलवा. आधी आले की सगळे त्यांच्याकडे बघून बोलतात. आले की खुर्च्या लावू नका, नकाशाभोवती उभं करा आणि समजावून सांगायचं काम गावातल्याच एका बाईला आणि एका तरुणाला द्या. ऑफिसमध्ये अर्ज म्हणून जे हलत नाही ते इथे पायाजवळ दिसतं, अमुक बंधारा फुटलाय, अमुक गट नंबरच्या जमिनीत गाळ भरलाय, आणि मग तिथल्या तिथे तारीख मागता येते.

रांगोळी पुसायच्या आधी वरून फोटो काढा, त्याच दिवशी मोठ्या कागदावर उतरवून घ्या, आणि मूळ कागद गावातच ठेवा, तुम्ही फोटो न्या. नंतर तोच नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून खाली पावसाचा आणि विहिरींच्या पातळीचा तक्ता काढा. पावसाळा संपला की दरवर्षी नवीन ओळ भरायची, जुनी पुसायची नाही, आणि भरायचं काम शाळेतल्या सातवीच्या वर्गाकडे दिलं तर घरोघरी तो आकडा त्याच संध्याकाळी पोचतो.