पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं मेडल सापडलंय? आधी त्याची कड वाचा

जुन्या ट्रंकेत मेडल सापडलं की घरातलं कुणीतरी लगेच चिंच नाहीतर पितांबरी घेऊन बसतं, ते आधी थांबवा प्लीज, कारण सगळी माहिती कडेवरच्या बारीक इंग्रजी अक्षरांत असते आणि घासून घासून तीच जाते. मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, मेडल हळूहळू फिरवत फोटो काढा, नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं क्रमाने दिसेल. चांदणीच्या आकाराचं असेल तर हे मागच्या बाजूला असतं.

एका बाजूला पाचवा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल, लढणाऱ्या शिपायांना चांदीचं मिळालं, तेच ब्राँझचं असेल तर पणजोबा बहुतेक लेबर किंवा पोर्टर कोअरमध्ये, म्हणजे मजुरी आणि ओझी वाहण्याच्या तुकडीत होते, आणि माझ्या मते त्यांचीही गोष्ट तेवढ्याच आस्थेने शोधायला हवी.

आता पलटणीचा आकडा. १०३, ११० किंवा ११७ मराठा असेल तर मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. या तिन्ही पलटणी तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या, २९ एप्रिल १९१६ ला त्यांनी शरणागती पत्करली आणि नंतर कैदेत कितीतरी जण वारले. पण तुमचे पणजोबा तिथे होतेच असं लगेच धरू नका, नंतर भरती होऊन त्याच पलटणीत गेलेलेही बरेच होते. घरात कुणी 'जंगी पलटण' म्हणत असेल तर ती १०३, 'काळी पाचवी' म्हणजे १०५. पलटण कधी कुठे होती ते वॉर डायरीत, म्हणजे पलटणीच्या रोजच्या नोंदवहीत मिळतं, ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत शोधा.

युद्धात वारले असतील तर युद्धात वारलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साईटवर सर्च करा, नावापेक्षा नंबरने, कारण जाधवचं स्पेलिंग साहेबाने काय केलं असेल सांगता येत नाही. नंबर मात्र पलटणीपुरताच असतो, दुसऱ्या पलटणीत तोच नंबर दुसऱ्याचा निघतो, म्हणून वडिलांचं नाव आणि गाव जुळतंय का बघाच, बऱ्याच नोंदींत ते दिलेलं असतं.

गावात गेलात तर चावडी, शाळा, देऊळ इथे संगमरवरी पाटी आहे का विचारा, या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, इतके वारले असं लिहिलेलं असतं, नावं नसतात पण दुवा पक्का होतो.

बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहायचं असेल तर नंबर, पलटण, गाव, तालुका आणि कडेचा फोटो एकत्रच पाठवा, नुसतं 'आमचे पणजोबा फौजेत होते' एवढ्यावर कुणालाच काही शोधता येत नाही.