मुलांमधल्या नैराश्याच्या जोखमीवर पोस्टडॉक करायचंय?

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम. माझ्या पहिल्याच महिन्यात एका आईनं मला विचारलं, "माझा आजार मुलीला लागणार का?" मी वाचलेलं सांगून टाकलं: आईवडिलांना नैराश्य असेल तर मुलांमध्ये त्याचं प्रमाण दुप्पट-तिप्पट दिसतं. तिचा चेहरा उतरला. हा हिशोब शेकडो मुलांच्या गटाचा, तुमच्या मुलीचं भविष्य नव्हे, हे मी आधी सांगायला हवं होतं. अमेरिकेतल्या लॅबमध्ये रुजू होण्याआधी हे एक वाक्य नीट बोलायला शिका.

आमच्याकडे नऊ-दहा वर्षांची मुलं येतात. डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारी, टोपी, समोर पडद्यावर दोन दारं. एक निवडायचं. हिरवा बाण वर दिसला की 50 सेंट मिळाले, लाल बाण खाली दिसला की 25 सेंट गेले. बक्षीस कळल्यावर पाव-एक सेकंदात मेंदूत जो प्रतिसाद उमटतो, तो नैराश्य असलेल्या आयांच्या मुलांमध्ये काही अभ्यासांत सरासरीनं कमी आढळला आहे. टोपी निघाली की केसभर जेल. ते धुऊन देणं हे माझं पहिलं काम होतं. कोमट पाण्याखाली डोकं धरलं की मुलं शाळेतलं, घरातलं आपणहून सांगू लागतात. मनापासून ऐका. पण जिवाला धोका असल्यासारखं काही कानावर आलं, तर तत्क्षणी वरिष्ठ क्लिनिशियनला बोलवायचं. कुणाला, कसं, हे रुजू झाल्या दिवशीच विचारून ठेवा.

के-सॅड्स ही मुलांच्या मानसिक आजारांच्या निदानाची ठरावीक मुलाखत आई आणि मूल यांची वेगवेगळी घेतात. आई म्हणते, "फार चिडतो." मूल म्हणतं, "रात्री झोपच येत नाही." खोटं कुणीच बोलत नसतं. दोन्ही धरून निर्णय घ्यायला मला सहा महिने लागले, आणि स्टॅटिस्टिक्सपेक्षा ते अवघड गेलं.

लॅब निवडताना नमुना किती मोठा आहे, म्हणजे अभ्यासात किती जण आहेत, ते जरूर विचारा. 2003 मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन अभ्यासातल्या 847 जणांवरून सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी जोडलेला एक जनुक, आयुष्यातले ताण आणि नैराश्य यांचं नातं मांडलं गेलं. कितीतरी जणांनी त्यावर करिअर उभारलं. पुढे मोठ्या नमुन्यांत ते टिकलं नाही.

पैशांचं थोडक्यात: एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या टी-32 आणि एफ-32 या पोस्टडॉकसाठीच्या फेलोशिप व्हिसावरच्यांना मिळत नाहीत. तेव्हा पगार प्राध्यापकांच्या ग्रँटमधून किती वर्षं मिळेल, ते लेखी घ्या. जे-1 (पाहुण्या संशोधकांना मिळणारा) व्हिसा असेल तर मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट लागू होते का, तेही आधीच पाहा.

मला परतायचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात जवळच्या गावांतल्या बाळांचा 1990 च्या दशकापासून पाठपुरावा चालू आहे. तसं काम मनाच्या आजारांवर व्हावं, असं फार वाटतं. म्हणून सध्या एक वही केली आहे. "करमत नाही", "मन लागत नाही", "जीव घाबरा होतो", "कशातच राम वाटत नाही": यातलं दहा वर्षांचं मूल खरोखर काय म्हणतं, ते गावाकडच्या शिक्षक मैत्रिणींना विचारून लिहून ठेवतेय.