मोठ्या मुलीची सुरुवातीच्या लेव्हलची जिम्नॅस्टिक्स स्पर्धा: आधी मापं लिहून घ्या

पाणी, टॉवेल, अंबाड्याची जाळी, पिना, जास्तीचं रबरबँड हे सांगायला नको, ते सगळेच नेतात. ही यादी त्या आई-बाबांसाठी आहे ज्यांची मुलगी बारा-तेराव्या वर्षी जिम्नॅस्टिक्सला लागली आणि आता चौदाच्या आसपास असताना सुरुवातीच्या लेव्हलला स्पर्धेत उतरतेय. रांगेत तिच्या मागेपुढे तिच्या कमरेएवढ्या मुली उभ्या असतात. सगळं साहित्य, सगळं वेळापत्रक, सगळ्या सूचना त्या छोट्यांच्या हिशेबाने ठरलेल्या असतात. त्यामुळे आपल्या मुलीची तयारी वेगळी करावी लागते आणि ते आधी कुणी सांगत नाही.

सगळ्यात आधी मापं. कपड्याची नव्हे, साहित्याची. बांधकामावर वापरतात तशी लांब टेप घ्या. सरांना विचारून सरावाच्या वेळी जा. व्हॉल्टसाठी, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या उडीसाठी, ती जिथून धावायला लागते तिथे टाचेशी खूण करा आणि तिथून टेबलच्या जवळच्या कडेपर्यंत मोजा. मग बोर्ड, म्हणजे ज्यावरून उसळी घेतात ती स्प्रिंगची फळी, टेबलपासून किती लांब ठेवलाय ते मोजा. मग झोके घ्यायच्या वर-खाली दोन बारमधलं अंतर. बीमवर, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवर, बोर्डवरून चढत असेल तर तोही बीमपासून किती लांब आहे ते. सगळं मीटर-सेंटिमीटरमध्ये. टाचेला चवडा लावत पावलांनी मोजायची पद्धत सर्रास आहे, पण या वयात पाऊलच वाढत असतं. तेवढीच पावलं मोजून मुलगी भलतीकडे उभी राहते. टेपनेच मोजा.

आंतरराष्ट्रीय नियमांत बऱ्याच गोष्टी ठरलेल्या आहेत. मुलींचं व्हॉल्टिंग टेबल १२५ सेंटिमीटर उंच, खालचा बार १७०, वरचा २५०. बीम १२५ सेंटिमीटर उंच, पाच मीटर लांब आणि जेमतेम १० सेंटिमीटर रुंद. रन-अपला मात्र फक्त कमाल मर्यादा आहे, २५ मीटरची, त्याच्या आत कुठूनही धावा. दोन बारमधलं अंतर मुलीप्रमाणे कमी-जास्त करतात. बोर्ड जो तो आपल्या उडीप्रमाणे सरकवतो. म्हणजे जे बदलतं तेच नेमकं आपल्या मुलीचं असतं, आणि तेच कुठे लिहिलेलं नसतं. स्थानिक स्पर्धांत तर बीम खाली घेतलेला असतो, टेबलऐवजी गाद्यांचा थर असतो, असेल ते साहित्य लावलेलं असतं. तिथे माप आणखीच लागतं.

गेल्या स्पर्धेत आमच्याकडे माप लिहिलेलं नव्हतं. ते सरांच्या डोक्यात होतं, आणि सर त्या वेळी दुसऱ्या मुलींबरोबर बीमपाशी अडकलेले. बार सकाळच्या छोट्या गटासाठी लावले होते ते तसेच. लेकीने वरच्या बारवरून झोका घेतला आणि दोन्ही नडग्या खालच्या बारवर आपटल्या. व्हॉल्टला बोर्ड टेबलाच्या फार जवळ होता. शेवटची पावलं बारीक होत गेली, पाय बोर्डच्या कडेवर पडला आणि हात टेबलच्या काठाला लागले. वर्षभर न चुकता होणारी उडी होती ती. घरी नडग्यांना बर्फ लावताना ती एवढंच म्हणाली, "बार जवळ होते गं, मला कळत होतं, पण कुणाला सांगू?"

म्हणून कानीकपाळी ओरडून सांगते, माप लिहा. सरांना माहीत आहे, एवढ्यावर राहू नका. एक चिठ्ठी तिच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, एक सरांकडे, एक फोटो तुमच्या फोनमध्ये. फोनमधला फोटो सगळ्यात कमी उपयोगाचा, कारण पालकांना मैदानात सोडत नाहीत. तुम्ही गॅलरीतून ओरडून काहीही होत नाही. माप तिला तोंडपाठ हवं. आणि "मॅडम, माझ्यासाठी बार लांब करायचेत" हे वाक्य तिला मोठ्याने म्हणता आलं पाहिजे. छोट्या मुलींमध्ये आधीच अवघडून उभी असलेली मोठी मुलगी तोंड उघडत नाही. आपल्यामुळे सगळे खोळंबतील असं तिला वाटतं. घरी दोन-चार वेळा म्हणायला लावा. तिला हेही सांगा की उंच मुलीचे पाय गादीला लागत असतील तर बार वर घ्यायची मागणी करायची सोय आंतरराष्ट्रीय नियमांतही आहे. ती कुणाकडे मेहेरबानी मागत नाहीये.

स्पर्धेच्या आठवड्यात पुन्हा मोजा. उन्हाळ्यात घेतलेलं माप दिवाळीनंतर चालत नाही. उंची वाढली की झोका लांबतो, धावताना ढांग लांबते. जुनं माप हे माप नव्हे.

कॉस्च्युम. वयाप्रमाणे साइज मागवू नका, तो तक्ता लहान चणीच्या मुलींसाठी असतो. खांद्यावरून पुढे खाली, दोन पायांच्या मधून मागून वर परत त्याच खांद्यापर्यंत टेप फिरवा. खरं माप ते. घालून तिला हात पूर्ण वर करायला, ब्रिज करायला आणि स्प्लिटमध्ये बसायला सांगा. खांद्यात ओढत असेल तर ती सबंध रुटीनभर कॉस्च्युमच सावरत बसेल. आतले कपडे दिसले तर गुण जाऊ शकतात, तेव्हा आतलेही त्याच रंगाचे किंवा अंगाच्या रंगाचे घ्या. उघड्या पायांनी सगळ्यांसमोर जायला ती तयार नसेल तर हट्टीपणा म्हणून उडवून लावू नका. जर्मनीच्या मुली टोकियो ऑलिम्पिकमध्ये पायघोळ कॉस्च्युम घालून उतरल्या होत्या, ते नियमात बसतं. आपल्याकडच्या आयोजकांना मात्र आधी विचारून घ्या आणि उत्तर लेखी घ्या. ऐनवेळी आयोजकांच्या टेबलामागचं कुणीतरी "चालणार नाही" म्हणतं आणि मुलगी रडवेली होते.

पाळी. आठ वर्षांच्या मुलींच्या यादीत हे नसतं म्हणून क्लासच्या यादीतही नसतं. पॅड, जास्तीची आतली जोडी, गडद रंगाची शॉर्ट्स, दुसरा कॉस्च्युम, कागदी पिशवी. तारीख जवळ असो वा नसो, बॅगेत ठेवाच. सर पुरुष असतील तर तिथे तिने कुणाला सांगायचं ते आधी ठरवा: एखादी मॅडम, एखादी सीनिअर ताई. तिला ते नाव माहीत हवं.

दुखणं लपवण्याचं हेच वय. टाच दुखते, गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो, मनगट दुखतं. या वयात हाडांची टोकं वाढत असतात आणि वारंवारच्या उड्यांचा, हातांवरच्या भाराचा ताण नेमका तिथे येतो. मनगट दुखतंय आणि तिथे दाबल्यावरही दुखतंय, तर पट्टी बांधून खेळवू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि सरांना स्पष्ट सांगा. पदक पुढच्या वर्षीही मिळेल. आणि वजनाबद्दल घरात कुणीही एक अक्षर बोलायचं नाही, आजीसुद्धा नाही. अंग भरतं, गुरुत्वमध्य बदलतो, काल जमणारा किप (बारवर झोक्याने अंग वर घेणं) आज जमत नाही. ते वाढीमुळे होतं, पोळीमुळे नाही. जेवण कमी करून तो परत येत नाही. पाळी लांबत गेली किंवा थांबली तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे जा.

वयोगट नीट वाचा. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात आणि वय ३१ डिसेंबरला किती होतं ते बघतात. तिथे लेव्हल नसते. दोन वर्षं खेळलेली मुलगी १७ खालच्या गटात गेली की शेजारी राज्य पातळीवर खेळलेली मुलगी उभी असू शकते. क्लब किंवा संघटनेच्या स्पर्धेत बहुधा लेव्हलप्रमाणे गट, मग शेजारी तिसरीतली. दोन्हीकडे ती वेगळीच दिसते. हे तिला आदल्या दिवशी कळता कामा नये, महिनाभर आधी सांगा. ओळखपत्रावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का, जन्मदाखला, आधार, फोटो, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. बस्स.

नातेवाइकांना बोलवायचं का, हे तिला विचारा. "एवढी मोठी आणि अजून गोलांट्याच मारते का?" असं म्हणणारा एक काका पुरतो. तिच्यादेखत कुणी असं बोललं तर तिथल्या तिथे थांबवा, घरी येऊन समजूत घालण्यात अर्थ नाही. दीपा कर्माकर २०१६ मध्ये रिओला व्हॉल्टमध्ये चौथी आली हे सगळ्यांना माहीत असतं. २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने व्हॉल्टचं सुवर्ण मिळवलं तेव्हा ती तीस वर्षांची होती, हे कुणी सांगत नाही. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना ४६व्या वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्ट करायला उभी होती. त्या लहानपणापासून खेळलेल्या, बरोबरी नको. पण चौदाव्या वर्षी शरीर संपतं हा समज तरी डोक्यातून जावा. आमच्या क्लासमधल्या छोट्या मुली तिला ताई म्हणतात, स्पर्धेच्या सकाळी पिना घेऊन "ताई, माझा अंबाडा घाल ना" म्हणत तिच्यापुढे पाठ करून बसतात. तिला ते आवडत असेल तर करू द्या, पण तिचा स्वतःचा वॉर्म-अप त्यात जाता कामा नये. मोठी आहे म्हणून आयोजकही तिला गाद्या उचलायला लावतात. तिथे सरांनीच नाही म्हणायला हवं, त्यांना आधी सांगून ठेवा.

गुण कसे जातात ते तिला समजावून द्या, या वयाच्या मुलीला ते कळतं आणि कळलं की भीती कमी होते. हा तिचा छोट्यांपेक्षा मोठा फायदा आहे. सफाईचे १० गुण धरून वजावट सुरू होते: बारीक चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडली तर पूर्ण १. म्हणजे पडणं म्हणजे सगळं गेलं असं नाही. वाकलेले गुडघे आणि पायाची सुटलेली बोटं रुटीनभरात तेवढेच गुण खातात. सरळ गुडघे फुकट मिळतात, त्यांना वय लागत नाही. पडल्यावर बीमवर परत चढायला १० सेकंद, बारवर ३०. हात झटका, चॉक (हात घसरू नयेत म्हणून लावायची पूड) लावा, श्वास घ्या, मग चढा. घाईने चढणारी पुन्हा पडते. सुरुवातीला आणि शेवटी पंचांना हात वर करून सलाम, विसरली तर त्याचेही गुण जातात. फ्लोअरच्या, म्हणजे जमिनीवरच्या गादीवर करायच्या रुटीनच्या, संगीतात शब्द नकोत. पेनड्राइव्हवरही आणि फोनमध्येही ठेवा.

आदल्या रात्री: ग्रिप (बारसाठी हाताला बांधायचे चामड्याचे पट्टे), चॉक, टेप, नखं कापलेली, हातावरचे घट्टे घासलेले. चिठ्ठी बॅगेत आहे का? उघडून बघा. आहे म्हणजे दिसली पाहिजे.

सकाळी तुपाची पोळी किंवा उपमा, जे रोज पचतं तेच. तिथे केळं, राजगिऱ्याची चिक्की, लिंबू सरबत. बाहेरचा वडापाव संपल्यावर. लवकर पोहोचा, मोठ्या मुलींचा गट शेवटी असतो आणि तोवर त्या बाकावर आखडून जातात. जॅकेट आणि ट्रॅक पँट अंगावर ठेवायला सांगा, नाव पुकारायच्या आधी वीस मिनिटं परत अंग गरम करायला लावा. वॉर्म-अप सुरू होताच पहिलं काम बार आणि बोर्ड मापाप्रमाणे लावून घेणं. वॉर्म-अप संपल्यावर कुणी ऐकत नाही. तुम्ही गॅलरीत बसा, खाणाखुणा करू नका, व्हिडिओ काढा.

नंतर त्याच दिवशी व्हिडिओ दाखवू नका, मागितला तरच. गुणपत्रकाचा फोटो सरांना पाठवा. प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मतारीख, गट तिथेच तपासा, घरी आल्यावर दुरुस्ती व्हायला महिने लागतात, आणि दहावीला क्रीडा गुणांचा प्रश्न आला तर हाच कागद काढावा लागतो. कोणत्या पातळीला किती गुण हे त्या वर्षी शाळेत विचारा. ग्रिप बॅगेतून काढून सावलीत वाळवा, ओल्या राहिल्या तर चामडं कडक होतं.